राजवाड्यामागची शांत गल्ली

खोली भाड्याने बघायला गेलं की लोक नळ सोडून बघतात, भिंतीला ओल आहे का ते चाचपतात. मी खोलीच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवते. घरमालक दलालाकडे बघतो, दलाल माझ्या नवऱ्याकडे बघतो आणि नवरा म्हणतो, "चालू द्या, तिचं असंच असतं." पण टाळीवरून खोली किती घुमते ते कळतं आणि आमचं पोट त्यावर आहे. संग्रहालयात पर्यटकांच्या कानाला लावायला एक यंत्र देतात. दालनाचा आकडा दाबला की त्यात एक माणूस माहिती सांगू लागतो. तो माणूस म्हणजे माझा नवरा. तो बोलतो, मी ते रेकॉर्ड करते, खोकणं-अडखळणं कापून टाकते आणि साफसूफ करून देते.

घरात मी त्याला भोंगा म्हणते. हा माणूस झोपेतसुद्धा गप्प बसत नसे. जिना चढताना गुणगुणायचा, दाढी करताना आरशाला भाषण द्यायचा आणि घोरायचा तर असा, की शेजारी भिंतीवर थापा मारायचे. दिवसातून शंभरदा मी त्याला "जरा गप्प बस ना रे" म्हणत असेन. आणि तो घरी नसला की मला घर खायला उठायचं. त्या आवाजावरच मी भाळले होते, दिसण्यावर भाळण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं.

इथल्या राजवाड्याच्या संग्रहालयाचं काम मिळालं, तेव्हा बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं पोटभर जेवलो. हल्ली असलं वाचन सगळे कॉम्प्युटरकडूनच करून घेतात. माणसाचा आवाज काढणारा कॉम्प्युटर; ना त्याला सर्दी होते, ना तो चहा मागतो. संग्रहालयाच्या संचालिका बाई मात्र हट्टी निघाल्या. "मला खराखुरा माणूस हवाय," त्या म्हणाल्या. "हे नीट झालं तर आमच्या बाकीच्या वास्तूंचंही तुम्हीच करा." मजकूर त्या रोज सकाळी स्वतः तपासून देणार होत्या, म्हणून आम्ही जवळपासच राहावं एवढी त्यांची अट होती. हे काम हातचं गेलं तर भोंग्याला पुढे कुणी विचारणार नाही, हे आम्हाला एकमेकांना सांगावं लागलं नाही.

राजवाड्याच्या आसपास राहून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे बाजारात बसून ध्यान लावण्यापैकी होतं. समोरच्या चौकात बसगाड्या उभ्या, त्यांची इंजिनं चालू. शिट्ट्या विकणारे शिट्ट्या फुंकत फिरायचे. प्रत्येक हॉटेलच्या मागे धूर ओढणारे मोठमोठे पंखे. आम्ही खोल्या बघत सुटलो. एक धोब्याच्या दुकानावर होती, तिथे जमीन थरथरायची. दुसरीच्या खिडकीखाली हॉटेलचा जनरेटर. तिसरी खरंच शांत होती, पण तिचं भाडं ऐकून भोंगाच शांत झाला.

"शांतही हवी आणि परवडायलाही हवी," दलाल डोकं खाजवत म्हणाला. "मग मागची गल्ली बघा. तिकडे कुणी मागत नाही. फिरायला येणाऱ्यांना गजबज लागते ना."

गल्ली राजवाड्याच्या मागच्या भिंतीला लागूनच होती. चौकातून वळलो, मग आणखी एक वळण आणि आवाज थांबला. कमी झाला असं नाही, थांबला. दाराआड गेल्यावर थांबतो तसा. माझ्या धंद्यात असं सहसा होत नाही. आवाज वळणावरून वाकून येतो, भिंतीवरून उडी मारून येतो. मी थबकून वर पाहिलं. दोन्हीकडे साधी दुमजली घरं, दोऱ्यांवर कपडे, एक शिंप्याचं दुकान, एक वाणसामानाचं. दलालाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बोटाभोवती खुळखुळवत चालू लागला.

खोली वरच्या मजल्यावर होती. उघड्या भिंती, फरशी, वर पत्र्याखाली लाकडी छत, सामान जवळजवळ नाहीच. अशी खोली डब्यासारखी घुमायला हवी. मी टाळी वाजवली. तिचा आवाज माझ्या हातांच्या बाहेर गेलाच नाही.

"हीच घ्यायची," मी म्हणाले.

घरमालकीण साठीच्या पुढची, अंगाने आडवी. हातात बांगड्या, कमरेला किल्ल्या, आणि तोंडाने सतत काहीतरी पुटपुटणं चालू. "आता जिना झाडला, मग दूध तापवायचं, मग दार लावायचं," असं स्वतःच्याच कामांची स्वतःला बातमी देत ती फिरायची. खालच्या खोलीत तिचे यजमान आरामखुर्चीत बसलेले असत आणि त्यांच्या मांडीवर रेडिओ चालू असे. आम्ही नमस्कार केला तर त्यांनी मान डोलावली. "त्यांना बरं वाटतं तुम्ही आलात म्हणून," त्यांच्या वतीने तीच म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "एक सांगून ठेवते हं. घर अगदी गप्प ठेवायचं नाही. मोरीतला नळ ठिबकतो, तो ठिबकू दे. भिंतीवर घड्याळ आहे, त्याला किल्ली देत जा. आणि आमच्या रेडिओची तक्रार करायची नाही."

"का हो?"

"सवय आहे आम्हाला."

"काळजी करू नका," भोंगा म्हणाला. "मी असताना घर गप्प राहणं शक्यच नाही. हिला विचारा."

ती त्याच्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "बोलके दिसता. बरं झालं," ती म्हणाली.

तिने पाठ फिरवली आणि मी नळाच्या तोंडाला दोरा बांधला. दोऱ्याचं टोक बादलीत सोडलं की पाणी दोऱ्यावरून घरंगळत खाली जातं, टपटप होत नाही. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. घड्याळ मी रेकॉर्डिंगपुरतं गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवायचं ठरवलं. रेडिओ खालच्या मजल्यावर होता आणि दार लावलं की माझ्या माईकला तो अगदी पुसट यायचा. तेवढं मी नंतर काढून टाकू शकत होते. म्हातारीच्या सवयींसाठी मी माझं काम बिघडवणार नव्हते.

आता खोलीच्या शांततेबद्दल थोडं सांगायला हवं. लोकांना वाटतं शांतता म्हणजे काही नसणं. तसं नसतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे वायरिंगची गुणगुण असते, कुठे लांबच्या रस्त्याची, कुठे नुसत्या हवेची. बोलण्यातला खोकला कापला की तिथे भोक पडतं आणि ते त्याच खोलीच्या शांततेचा तुकडा लावून बुजवावं लागतं. म्हणून दर वेळी बोलणं संपलं की मी तळहात वर करते. तळहात खाली येईपर्यंत कुणी हलायचं नाही, गिळायचं नाही, आणि मी खोलीची शांतता टिपून घेते. भोंग्याला हा प्रकार शिक्षेसारखा वाटायचा. डोळे मोठे करून, गाल फुगवून तो मला हसवायचा प्रयत्न करायचा.

पहिल्या दिवशी दरबाराच्या दालनाचं वाचन झालं. मी तळहात वर केला. हेडफोनमध्ये इतकी स्वच्छ शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. खरं सांगते, मला आनंदाने भरून आलं.

खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर कबुतरं असायची. सकाळी त्यांच्या घुमण्यामुळे आम्हाला थांबावं लागलं होतं. दुपारी मला ती काचेतून दिसली, गळे फुगवून, एकमेकांभोवती गोल फिरत. आवाज येत नव्हता. काच जाड असेल, असं मी म्हटलं. घड्याळ परत भिंतीवर लावलं, तर काटे चालत होते आणि टिकटिक नव्हती. जुनं घड्याळ, गोधडीत काहीतरी अडकलं असेल.

गल्लीतल्या लोकांची गंमत भोंग्याच्या आधी लक्षात आली. तो शिंप्याकडे विजार घेऊन गेला होता, तो हसत परत आला. "अगं, शिंपी मशीन चालवत बसलाय आणि सुईखाली कापडच नाही! मी उभा राहिलो तर बोलला माझ्याशी, पण पाय काही थांबवेना."

मग मीही बघू लागले. वाणी गिऱ्हाईक नसताना वजनाने तागडीवर ठकठक करत बसायचा. समोरची बाई धुतलेली भांडी पुन्हा एकमेकांवर आपटत धुवायची. दारात बसलेला एक माणूस जोडा जमिनीवर घासत राहायचा. चेहऱ्यांवर मात्र काही नाही. पंख्याने वारा घ्यावा इतक्या सहजपणे चाललेलं सगळं. एवढी माणसं एवढा आवाज करत होती, आणि गल्ली शांतच होती.

"वेड्यांचा बाजार आहे," भोंगा म्हणाला. मीही हसले.

काम सुरेख चाललं होतं. रोज सकाळी तो राजवाड्यातून मजकूर आणायचा, आम्ही वाचन करायचो, मी तळहात वर करायचे. घरातले आवाज एकेक करून कमी होत होते, पण मला ते दिसत नव्हतं, कारण मला ते हवंच होतं. भोंग्याचं घोरणं थांबलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी सलग झोपले आणि सकाळी त्याला म्हटलंही, "इथलं हवामान मानवलं बघ तुला." त्याच्या चपलांचा फटफटाट थांबला. तो मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि मी दचकायचे. हा माणूस पूर्वी कोपऱ्यावरून येताना ऐकू यायचा. चहात साखर ढवळायचा तेव्हा चमचा कपावर आपटताना दिसायचा, नुसता दिसायचा.

एका दुपारी मी रेकॉर्डिंग साफ करायला बसले. वाक्यावाक्यांच्या मध्ये घेतलेले श्वास कापणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. मी ते शोधत पुढे पुढे गेले. श्वास नव्हते. एकही नव्हता. राणीच्या सज्जाबद्दलचं लांबलचक वाक्य, मग रिकामी जागा, मग पुढचं वाक्य.

"श्वास कसे लपवलेस रे?" मी विचारलं. "इतक्या वर्षांत जमलं नाही ते?"

"कसले श्वास?" तो म्हणाला. "नेहमीसारखाच तर घेतो."

त्याने मला घेऊन दाखवला. छाती वर आली, खाली गेली. मी त्याच्या अगदी जवळ उभी होते. काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्यात तो म्हणाला, "वा, म्हणजे तुझं निम्मं काम वाचलं!" आणि त्याचा तो भरदार आवाज ऐकून मला धीर आला. आवाज तर आहे ना, मी मनात म्हटलं. आवाज जागेवर आहे.

त्याच दिवशी जिन्यात त्याची आणि घरमालकिणीची गाठ पडली. मी वरून बघत होते. तो तिच्या बाजूने खाली उतरला आणि ती पुटपुटता पुटपुटता थांबली. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे.

"नळ बांधलास का गं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"घड्याळ?"

"आजी, आमचं कामच तसं आहे. आवाज चालत नाही आम्हाला."

"आजच्या आज खोली सोडा," ती म्हणाली. कठड्यावरच्या हातातल्या बांगड्या ती मुद्दाम हलवत होती हे मला दिसलं. "भाडं नको मला. त्यांना घेऊन जा इथून. जाताना बोलत बोलत जा."

"का पण? काय होतं इथे?"

"आता खाली जायचं, मग दिवा लावायचा," असं म्हणत ती खाली गेली.

मी घाबरले होते हे कबूल करते. पण एकच दालन राहिलं होतं, राणीच्या शयनगृहाचं. दुसऱ्या जागी वाचलं असतं तर आवाज जुळला नसता, शांतता जुळली नसती आणि संचालिका बाईंचे कान तिखट होते. भोंगा म्हणाला, "निघूया का? मला पण इथे कसंसंच होतंय." मीच म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत उरकू, मग सामान उचलू." तो हो म्हणाला. माझ्या कामात तो कधी मध्ये येत नसे.

दुसऱ्या दिवशी रेडिओने छळलं. का कोण जाणे, घरमालकिणीने तो एवढा मोठा लावला होता की दार लावूनही प्रत्येक वाक्यात घुसत होता. मी खाली जाऊन विनंती केली. तिने आवाज आणखी वाढवला. मग थोड्या वेळाने ती पिशवी घेऊन बाहेर पडताना मला खिडकीतून दिसली. किल्ल्या खुळखुळवत ती वळणाआड गेली.

मी खाली गेले. तिचे यजमान नेहमीसारखे खुर्चीत होते, रेडिओ मांडीवर, वायर भिंतीत. दाराजवळ मेन स्विच होता. माझं सगळं सामान बॅटरीवर चालतं. मी स्विचवर हात ठेवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. नको, नको. तोंड उघडलं. मी म्हटलं, "थोडाच वेळ हं, आजोबा," आणि स्विच खाली ओढला.

वर आले तेव्हा भोंगा तयार बसला होता. त्याने शयनगृहाचं वाचन केलं. इतकं सुंदर तो कधी बोलला नव्हता. राणीचा पलंग, तिचा आरसा, शेवटच्या आजारपणात तिने बंद करून घेतलेल्या खिडक्या. "आता आपण बाहेर पडूया," हे शेवटचं वाक्य त्याने अगदी हळू म्हटलं.

मी तळहात वर केला.

हेडफोनमध्ये शांतता आली. नेहमीची, स्वच्छ. मग ती आणखी खाली गेली.

यंत्राची स्वतःची एक बारीक शिरशिर असते. ती कधीच जात नाही. ती गेली.

माझा श्वास गेला. कानात वाजणारं स्वतःचं रक्त असतं, तेही गेलं. मी घसा खाकरला. घशाला कळलं, कानांना नाही.

भोंगा माझ्याकडे बघत होता. आज त्याने गाल फुगवले नव्हते.

मी तळहात खाली आणला. हेडफोन काढून टाकले. माझा श्वास परत आला, खुर्ची करकरली. मी मोठ्याने म्हटलं, "झालं. चल, निघू."

तो काहीतरी बोलला.

मी म्हटलं, "काय?"

तो पुन्हा बोलला. ओठ हलले, गळ्याची घाटी वरखाली झाली. मला वाटलं चिडवतोय. त्यालाही वाटलं मी चिडवतेय, कारण तो हसला. तोंड उघडून, मान मागे टाकून, त्याचं ते गडगडाटी हसणं. खोलीत काहीच झालं नाही.

मग त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

तो ओरडला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्याने टेबलावर मूठ आपटली. टेबल हललं, पेला आडवा झाला, पाणी सांडलं. मी पेला उचलून खाली ठेवला तर तो वाजला. माझ्या हातून वाजला.

मी रेकॉर्डिंग मागे नेऊन लावलं. शयनगृह, सज्जा, दरबार, पहिल्या दिवसापासूनचं सगळं. पडद्यावर त्याच्या बोलण्याच्या रेघा उंच उंच उठत होत्या आणि कानात खोलीची शांतता येत होती.

खाली गल्लीत गलका उठला होता. शटरं आपटत होती, भांडी बडवली जात होती, शिंप्याचं मशीन सुसाट चाललं होतं. खिडकीतून पाहिलं, तर सगळे आपापल्या दारात उभे होते आणि आमच्या घराकडे बघत होते. घरमालकीण गल्लीतून धावत येत होती.

मी धावत खाली गेले. तिने आधी मेन स्विच वर केला, रेडिओ लावला, मग जिन्याशी बसली आणि कपाळाला हात लावला.

"काहीतरी करा हो," मी म्हणाले. मी रडत होते. "माझी चूक आहे. काय करू सांगा."

"जिथे माणसं ओरडतात तिथे ने त्यांना. जेवढा गोंगाट असेल तेवढा चांगला. कधी कधी आवाज परत येतो म्हणतात."

"कुणाचा आलाय?"

तिने बांगड्या हलवल्या. "आता उठायचं," ती म्हणाली, "आता यांना पाणी द्यायचं."

भोंगा माझ्या मागून जिना उतरून आला होता. खुर्चीतल्या आजोबांनी त्याला हात केला. तो त्यांच्याजवळ गेला, गुडघ्यांवर बसला. आजोबांचे ओठ हलू लागले. भोंगा नीट ऐकत होता. मग तो बोलला आणि आजोबांनी मान डोलावली. मध्येच आजोबांनी काही विचारलं, त्यावर भोंग्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि उत्तर दिलं. रेडिओवर कुणीतरी बाजारभाव सांगत होतं. दोघं बराच वेळ बोलत होते.

मी त्याला चौकातच घेऊन आले. राजवाड्यासमोर, बसगाड्यांच्या डोक्यावर एक खोली मिळाली. इतक्या गोंगाटात राहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आम्हाला परवडली. खाली वाद्यांचं दुकान, गिऱ्हाइकं दिवसभर ढोल बडवून बघायची. पलीकडे पत्रे ठोकणारा. जिन्याच्या समोरच्या बिऱ्हाडात तान्हं बाळ होतं आणि ते असं बेंबीच्या देठापासून रडायचं की त्याची आई दारात येऊन आमची माफी मागायची. मी तिला म्हणायचे, "रडू दे हो. आम्हाला काही त्रास नाही." मी मनापासून म्हणायचे. मी खिडक्या सताड उघड्या ठेवायचे आणि भोंग्याला खिडकीत बसवायचे.

संचालिका बाईंना मी खोटंच सांगितलं की घसा बसलाय. त्यांनी सुरुवातीला चौकशी केली, मग फोन येणं बंद झालं. राजवाड्यात आता कॉम्प्युटर बोलतो म्हणे.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं, म्हणाले सगळं ठीक आहे. मग नेहमीच्या सवयीने त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. तो कानातून काढून बोटाने टिचकी मारून बघितला. पुन्हा लावला. आत जाऊन दुसरा आणला. मनगट धरून नाडी मोजली, ती व्यवस्थित होती. "सध्या विश्रांती घ्या," ते म्हणाले आणि आमच्याकडून पैसे घ्यायचेच विसरले.

भोंगा पहिल्यासारखा उरला नाही. सुरुवातीला तो ओरडून बघायचा, दारं आपटायचा. मग त्याने सोडून दिलं. दिवसभर खिडकीत बसायचा आणि कधी कधी त्याचे ओठ हलायचे, माझ्याशी नाही. मी त्याच्याशी अखंड बोलायचे. भाजी निवडताना, झाडताना, आता हे करते, आता ते करते. एकदा मी त्याला म्हटलं, "एकदा तरी घोर रे." त्याने माझा हात धरला आणि आम्ही दोघं रडलो. माझं रडणं तेवढं ऐकू आलं.

परवा सकाळी मी पाणी भरून जिना चढत होते. समोरची बाई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. पूर्वी ओढलेली दिसायची ती, आता चेहऱ्यावर तजेला आला होता.

"तुमचा पायगुण चांगला हो," ती म्हणाली. "तुम्ही आल्यापासून इथला गोंगाट किती कमी झालाय! आमच्या यांनाही तेच वाटतं. ते ढोलवाले बहुतेक दुसरीकडे गेले."

ढोलवाले गेले नव्हते. मी आत्ताच त्यांच्या दुकानावरून आले होते. दोन गिऱ्हाइकं दारात ढोल बडवत होती. मी जिन्यात उभी राहून ऐकायला लागले.

"आणि बाळाचं तर विचारूच नका," ती म्हणाली. "आता अजिबात त्रास नाही."

ती त्याला थोपटत अर्धवट वळली, तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. लालभडक झालेला, डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पाणी ओघळत होतं, मुठी आवळलेल्या आणि तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडं.

"अगदी गुणी झालंय," ती म्हणाली.